कुदळीचा आवाज : लाल महालापासून संगणकाच्या जाळ्यापर्यंत

शाहिस्तेखानाची बोटे तुटल्याची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या पुस्तकातून सोबत आणली आहे. इथे यॉर्कशरमध्ये वाढलेल्या मुलांनीही ती आजी-आजोबांच्या तोंडून ऐकली असेल. आपण ती नेहमी महाराजांच्या बाजूने सांगतो, आणि ते साहजिकच आहे. या लेखापुरती मात्र ती पहारेकऱ्यांच्या बाजूने वाचू या. गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षे संगणकशास्त्र ज्या प्रश्नाशी झगडत आहे, तोच प्रश्न १६६३ साली पुण्यात लाल महालाच्या मुदपाकखान्याशेजारी उभा राहिला होता. बाहेरचा माणूस आत आला आहे हे ओळखायचे कसे? आणि कोणी ओळखलेच, तर त्याचे ऐकायचे कोणी?

लाल महालाची रात्र

शाहिस्तेखान १६६० च्या मे महिन्यात पुण्यात आला आणि लाल महालातच राहू लागला. त्याचा बंदोबस्त ढिला होता असे म्हणता येत नाही. मुघलांच्या बाजूने लिहिणारा खाफीखान सांगतो की शहरात किंवा छावणीत परवान्याशिवाय कोणालाही, विशेषतः मराठ्यांना, प्रवेश द्यायचा नाही असा खानाचा हुकूम होता. मग झाले काय? खाफीखानाच्याच म्हणण्यानुसार खानाच्या नोकरीतले काही मराठे शिपाई कोतवालाकडे गेले आणि लग्नाच्या वरातीबरोबर येणाऱ्या दोनशे माणसांसाठी त्यांनी रीतसर परवाना मागून घेतला. नवरदेवाच्या वेषातला एक मुलगा, ढोल आणि वाजंत्री यांच्यासह मंडळी संध्याकाळीच शहरात आली. दुसरी एक तुकडी कैदी पकडून आणल्याची बतावणी करून आत शिरली. इतर साधनांत तपशील वेगळे आहेत. आम्ही खानाच्याच फौजेतले दक्षिणी शिपाई आहोत, नेमून दिलेल्या जागी निघालो आहोत, असे चौकीवर सांगितल्याचेही येते. एक गोष्ट मात्र सगळीकडे समान आहे. माणसे तट फोडून आली नाहीत. रोजच्या ये-जा करणाऱ्यांत मिसळून, पहाऱ्याच्या नियमात बसवून आली.

पुढचा भाग शाळेच्या पुस्तकात सहसा नसतो. ती ५ एप्रिल १६६३ ची रात्र होती आणि महिना रमजानचा होता. मुदपाकखान्याच्या भिंतीतली एक बुजवलेली खिडकी मराठे कुदळींनी उकरू लागले. त्या आवाजाने शेजारच्या खोलीतले काही नोकर जागे झाले आणि त्यांनी जाऊन खानाला सांगितले. खानाने त्यांनाच झापले. रमजानचा महिना आहे, स्वयंपाकी पहाटेच्या तयारीसाठी उठले असतील, असे त्याचे म्हणणे. नंतर दासी एकामागून एक येऊन सांगू लागल्या की भिंतीला भगदाड पडते आहे. तेव्हा कुठे खान खडबडून उठला. त्याचा मुलगा त्या रात्री मारला गेला आणि खानाचा हात जायबंदी झाला. गोंधळात दासींनीच त्याला ओढत सुरक्षित जागी नेले, म्हणून तो वाचला.

या प्रसंगातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवू या, पुढे त्या पुन्हा भेटणार आहेत. आत येणाऱ्याकडे खरा परवाना होता. त्याचे वागणे नेहमीच्या व्यवहारासारखे दिसत होते. आणि शेवटी जो वेगळा आवाज झाला, तो कोणाला तरी ऐकू आला होता, सांगितलाही गेला होता. पण ज्याने निर्णय घ्यायचा त्याच्याजवळ त्या आवाजाचे एक सोपे, घरगुती स्पष्टीकरण तयार होते.

मजकूर न वाचता

हॅरोगेटहून स्किप्टनकडे जाताना रस्त्यावरून मेनविथ हिलचे पांढरे घुमट दिसतात. मुले गाडीत हमखास विचारतात की हे एवढे मोठे गोल्फचे चेंडू कोणाचे? ते दूरसंदेश टिपणारे केंद्र आहे. या परिसराचे ऐकण्याचे काम त्याहूनही जुने आहे. दुसऱ्या महायुद्धात जवळच्याच फॉरेस्ट मूरला आणि तिकडे स्कारबरोला जर्मन बिनतारी संदेश टिपणारी केंद्रे होती. तिथे बसलेल्या तरुण मुली कानाला यंत्र लावून तासन्‌तास टिंबे आणि रेघा लिहून घेत. ते कागद ब्लेचली पार्कला जात.

संदेश गुप्त लिपीत असत, आणि ती लिपी रोज फुटतच असे असे नाही. पण गॉर्डन वेल्चमन या केंब्रिजच्या गणितज्ञाने १९३९ मध्येच ओळखले की संदेशाचा अर्थ कळला नाही तरी त्याचा प्रवास पुष्कळ सांगतो. कोणते केंद्र कोणाशी बोलते, किती वाजता, किती वेळा, किती लांब संदेश पाठवते, एवढे मांडले की शत्रूच्या फौजेची रचना कागदावर उमटते. एरवी गप्प असणारे केंद्र अचानक बोलू लागले, किंवा बोलके केंद्र एकाएकी गप्प झाले, तर तिथे काहीतरी घडते आहे. आपल्याकडच्या पोस्टमनचे उदाहरण घ्या. तो पाकिटे फोडत नाही, पण कोणत्या घरी दर महिन्याला मनीऑर्डर येते आणि कोणाच्या मुलाचे पत्र यायचे थांबले आहे, हे त्याला नेमके ठाऊक असते.

संगणकाच्या जाळ्यावरची पाळत याच विचारावर उभी आहे. आज जाळ्यातला बहुतेक मजकूर कुलूपबंद असतो, म्हणजे सांकेतिक रूपात जातो. पहारेकऱ्याला आतले पत्र वाचता येत नाही. पाकीट मात्र दिसते: कोणाकडून, कोणाकडे, केव्हा, किती मोठे. तेवढ्यावरच त्याला काम करायचे असते.

पंचाहत्तर सेंटचा हिशेब

१९८० साली जेम्स अँडरसन या अमेरिकी तज्ज्ञाने हवाई दलासाठी एक अहवाल लिहिला. संगणक स्वतःच्या वापराच्या नोंदी ठेवत होतेच, पण त्या हिशेबापुरत्या. अँडरसन म्हणाला की या नोंदी चाळल्या तर घुसखोरही सापडेल, कारण दुसऱ्याचा पासवर्ड चोरणाऱ्याला दुसऱ्याच्या सवयी चोरता येत नाहीत. या विचाराला शास्त्राचे रूप दिले डोरोथी डेनिंग या विदुषीने. त्यांचा निबंध १९८७ साली प्रसिद्ध झाला. त्यात मांडलेली कल्पना संख्याशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला फार जवळची वाटते. प्रत्येक वापरकर्त्याचे एक वर्तनचित्र ठेवायचे. तो साधारण केव्हा काम सुरू करतो, किती फाइली उघडतो, किती वेळा पासवर्ड चुकतो, या सगळ्यांची सरासरी काढायची, आणि त्या सरासरीच्या आजूबाजूला त्याचे वागणे किती हेलकावते तेही मोजायचे. एखाद्या दिवशीचे वागणे त्या पट्ट्याच्या फार बाहेर गेले, तर घंटा वाजवायची.

निबंध छापून येण्याच्या आधीच्या वर्षी, १९८६ च्या ऑगस्टमध्ये, कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत हे प्रत्यक्षात घडत होते. क्लिफर्ड स्टोल हा खगोलशास्त्रज्ञ तिथे संगणक सांभाळायच्या कामावर नुकताच आला होता. महिन्याच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक येत होता. दुसरा कोणी असता तर खिशातून भरून मोकळा झाला असता. स्टोलने मात्र तो फरक शोधायला घेतला, तेव्हा पैसे न भरता संगणक वापरून गेलेला एक अनोळखी माणूस सापडला. स्टोलने एका सुट्टीत सहकाऱ्यांच्या टेबलांवरचे छपाईयंत्र आणि टर्मिनल गोळा करून बाहेरून येणाऱ्या सुमारे पन्नास तारांना जोडली. घुसखोर जे जे टाइप करी ते कागदावर उतरू लागले. महिनोन्‌महिने माग काढल्यावर तो जर्मनीतल्या हॅनोव्हरचा मार्कुस हेस निघाला. अमेरिकी लष्करी माहिती सोव्हिएत हेरखात्याला विकण्याच्या उद्योगात तो आणि त्याचे साथीदार होते. या प्रकरणावर स्टोलने लिहिलेल्या पुस्तकाच्या नावात कोकिळेचे अंडे आहे. कोकिळा आपले अंडे कावळ्याच्या घरट्यात घालते आणि कावळी ते आपलेच समजून उबवते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

१९९० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत टॉड हेबरलाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढचे पाऊल टाकले. एकेका संगणकाच्या नोंदी चाळण्याऐवजी त्यांनी जाळ्याच्या तारेवरून जाणाऱ्या रहदारीवरच नजर ठेवली. घरोघर चौकशी करण्याऐवजी गावच्या वेशीवर बसण्यासारखेच हे झाले. १९९८ मध्ये मार्टिन रोश याने 'स्नॉर्ट' हा प्रोग्राम सर्वांना फुकट खुला केला आणि ही वेस साध्यासुध्या संस्थांच्याही आवाक्यात आली.

तेव्हापासून पहाऱ्याचे दोन प्रकार मानले जातात. एक, पोलीस चौकीतल्या फरारी गुन्हेगारांच्या फोटोंसारखा: माहीत असलेल्या हल्ल्यांच्या खुणा ठेवायच्या आणि जुळवून पाहायच्या. हा पहारा सहसा चुकत नाही, पण नवा चोर त्याला ओळखता येत नाही. दुसरा, पुण्यातल्या सोसायटीच्या जुन्या वॉचमनसारखा. त्याच्याकडे फोटो नसतात. चौथ्या मजल्यावरचे काका रात्री दोन वाजता कधी बाहेर पडत नाहीत, एवढे त्याला ठाऊक असते, आणि आज ते बॅग घेऊन निघाले तर तो हटकतो. डेनिंग यांची पद्धत ही या वॉचमनची.

पुण्यातला दुसरा शनिवार

आता पुन्हा पुण्यात येऊ. १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेत आपल्यापैकी अनेकांच्या घरच्यांची खाती असतील. ११ ऑगस्ट २०१८ हा महिन्यातला दुसरा शनिवार होता. भारतात दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात. त्या दिवशी दुपारपासून रात्रीपर्यंतच्या काही तासांत बँकेचे सुमारे ७८ कोटी रुपये भारताबाहेर, २८ देशांतल्या एटीएम यंत्रांतून, बनावट व्हिसा कार्डांनी काढले गेले. परदेशात असे जवळपास १२,००० व्यवहार झाले. शिवाय कोल्हापूरसह देशातल्या काही शहरांत रुपे कार्डांचे २,८४९ व्यवहार झाले आणि सुमारे अडीच कोटी गेले. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय बँक-संदेश यंत्रणेतून आणखी १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगमधल्या एका कंपनीच्या खात्यात वळवले गेले. एकूण ९४.४२ कोटी.

हे घडले कसे ते समजून घेण्यासारखे आहे. आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा यंत्र एका मध्यस्थ प्रणालीमार्फत बँकेच्या मुख्य संगणकाला विचारते की या खात्यात पैसे आहेत का, देऊ का? या मध्यस्थाला 'स्विच' म्हणतात. हल्लेखोरांनी बँकेच्या जाळ्यात शिरून एक तोतया स्विच बसवला. बनावट कार्डांकडून येणारी विचारणा मुख्य संगणकापर्यंत पोचतच नव्हती. तोतयाच परस्पर "द्या" म्हणत होता. म्हणून ग्राहकांच्या खात्यांतून पैसे गेले नाहीत, तोटा बँकेचा झाला. आणि म्हणूनच मुख्य संगणकावर सगळे शांत दिसत होते. कोतवालाचा परवाना इथे पुन्हा भेटतो. प्रत्येक एटीएमला मिळालेला होकार त्याच्या दृष्टीने अस्सल होता.

पण वॉचमनच्या नजरेने पाहा. एका पुणेरी सहकारी बँकेची कार्डे, सुट्टीच्या दिवशी, एकाच वेळी २८ देशांत, हजारो वेळा चालत आहेत. यातला एकेक व्यवहार सुटा पाहिला तर कोणालाही वावगे वाटणार नाही, पुण्याचा माणूस परदेशी जातोच. सगळे एकत्र मांडले तर शाळकरी मुलालाही शंका येईल. अमेरिकेच्या एफबीआयने आदल्याच दिवशी, १० ऑगस्टला, एटीएममधून अशी जागतिक लूट होण्याची शक्यता असल्याचा गोपनीय इशारा बँकांना दिला होता.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात हा हल्ला उत्तर कोरियाशी जोडला. पुण्यात चतुःशृंगी पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. पैसे काढणारे हे तळाचे प्यादे होते. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट घालून दिली, आणि पुढच्या वर्षाअखेरीस बँकेच्या डिजिटल व्याप्तीनुसार चढत्या पायऱ्यांचे नियम केले. सर्वांत वरच्या पायरीच्या बँकांनी जाळ्यावर अखंड नजर ठेवणारे केंद्र चालवावे, असे त्यात आहे.

दिवस निवडण्यामागे विचार होता हेही उघड आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत बांगलादेश बँकेवर असाच हल्ला झाला, तो तिथल्या साप्ताहिक सुट्टीच्या तोंडावर. चोरांनी जवळपास ९५ कोटी डॉलर वळवायचा प्रयत्न केला आणि ८ कोटी १० लाख डॉलर त्यांच्या हाती लागले. स्विफ्टचे व्यवहार आपोआप छापणारे तिथले यंत्र शुक्रवारी सकाळी बंद पडलेले आढळले. नेहमीचीच कटकट असेल, असे कर्मचाऱ्यांना वाटले. प्रत्यक्षात हल्लेखोरांनीच ते गप्प केले होते. खानाला कुदळीच्या आवाजात स्वयंपाकी ऐकू आले, इथे न आलेल्या आवाजात बिघाड दिसला.

घंटा फार वाजते तेव्हा

यावर वाचक म्हणतील की घंटा वाजली की धावत जावे, त्यात काय अवघड आहे? इथे थोडे अंकगणित करावे लागेल. समजा, एका बँकेत दिवसाला १० लाख व्यवहार होतात आणि त्यांत चोराचे १० आहेत. आपण अतिशय हुशार पहारेकरी नेमला. शंभरातले ९९ चोर तो पकडतो, आणि शंभर सज्जनांत एकावरच चुकून संशय घेतो. संध्याकाळी त्याच्या वहीत काय असेल? चोरांचे जवळपास सगळे १० व्यवहार, आणि सज्जनांचे सुमारे १०,०००. म्हणजे त्याच्या हजार इशाऱ्यांत एक खरा. तिसऱ्या दिवसापासून त्याच्याकडे कोण लक्ष देईल? त्याची चूक शंभरात एकऐवजी दहा हजारांत एक इतकी कमी केली, तरी खोटे इशारे १०० आणि खरे १०. म्हणजे अकरांत एक. स्टेफान अॅक्सेलसन या स्वीडिश संशोधकाने १९९९ साली हेच गणित घुसखोरीच्या शोधाला लावून दाखवले. चोर मुळातच विरळ असतात, आणि त्यामुळे चांगल्या पहारेकऱ्याचाही लांडगा आला रे आला होतो.

या गणितामुळे खानाला आपण मूर्ख ठरवू नये असे मला वाटते. रमजानच्या महिन्यात रात्री मुदपाकखान्यातून आवाज येणे हे खरोखरच बहुतेक रात्री निरुपद्रवी होते. शक्यतेच्या हिशेबाने त्याचा अंदाज बरोबर होता. त्याची कसूर वेगळी होती. एक माणूस उठून पाहून येऊ दे, एवढे त्याने म्हटले नाही. अंदाज चुकला तर किंमत काय पडेल, हा हिशेब त्याने केला नाही.

असेच २०१३ च्या अखेरीस अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीत घडले. चार कोटी ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरीला गेली. बंगळुरात बसून कंपनीच्या जाळ्यावर लक्ष ठेवणाऱ्या चमूला यंत्रणेचे इशारे मिळाले होते आणि त्यांनी ते मिनियापोलिसच्या मुख्य कार्यालयाला कळवलेही होते, असे नंतर प्रसिद्ध झाले. इशारे मिळाल्याचे, आणि लगेच हालचालीची गरज नाही असे ठरवल्याचे कंपनीनेही मान्य केले. बंगळुरातल्या त्या मुलांत आणि लाल महालातल्या नोकरांत मला फारसा फरक दिसत नाही.

आपले लीड्सही या इतिहासात आहे. १२ मे २०१७ च्या शुक्रवारी 'वॉनाक्राय' या विषाणूने एनएचएसला घेरले. एनएचएस डिजिटल, म्हणजे इंग्लंडच्या आरोग्यसेवेची संगणकव्यवस्था पाहणारी संस्था, हिचे मुख्यालय तेव्हा बोअर लेनजवळ ट्रेव्हेलियन स्क्वेअरमध्ये होते. दुरुस्ती बसवून घ्या असे तातडीचे इशारे या संस्थेने मार्च आणि एप्रिलमध्ये सर्वत्र पाठवले होते. ते पाळले गेले की नाही हे पाहण्याची व्यवस्था मात्र कोणाकडेच नव्हती, असे नॅशनल ऑडिट ऑफिसने त्याच वर्षीच्या अहवालात नोंदवले. इंग्लंडमधल्या २३६ ट्रस्टपैकी किमान ८० ट्रस्टना आणि ५९५ जीपी दवाखान्यांना फटका बसला. रद्द झालेल्या भेटींचा अंदाज १९,००० च्या वर गेला. हल्ला थांबला तो मार्कस हचिन्स या डेव्हनमधल्या तरुण संशोधकामुळे. हा विषाणू प्रत्येक संगणकावर पोचला की एका विचित्र, कोणीच न घेतलेल्या वेबपत्त्याला हाक मारतो, असे त्याच्या लक्षात आले. त्याने काही पौंडांत तो पत्ता स्वतःच्या नावावर केला. हाकेला ओ मिळू लागली आणि विषाणूने पसरायचे थांबवले. एक चमत्कारिक हाक कोणीतरी चौकसपणे ऐकली, म्हणून पुढचे टळले.

नेहमीचे म्हणजे कोणाचे नेहमीचे?

या विषयाची दुसरी बाजू आपल्यासारख्या स्थलांतरितांना विशेष कळेल. जे नेहमीचे नाही ते संशयास्पद, हा नियम यंत्राला दिला की प्रश्न येतो: नेहमीचे म्हणजे कोणाचे? दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या बहिणीच्या शस्त्रक्रियेसाठी मी पैसे पाठवले, तर इथल्या माझ्या बँकेने ते तीन दिवस अडवून ठेवले. फोनवरची मुलगी अगदी नम्रपणे म्हणाली, "तुमच्या वयाचे ग्राहक सहसा एवढी रक्कम परदेशी पाठवत नाहीत." मी दर दिवाळीला आणि दर गणपतीला पुण्याला पैसे पाठवतो, गेली कित्येक वर्षे. माझ्या सवयीशी ताडून पाहिले असते तर त्यात नवल नव्हते. लीड्समधल्या सरासरी पेन्शनराशी ताडून पाहिले, म्हणून मी निराळा ठरलो.

डेनिंग यांची मूळ कल्पना इथे अधिक न्याय्य होती. प्रत्येकाचे चित्र वेगळे, आणि माझी तुलना माझ्याशीच. असे चित्र ठेवायचे तर माझ्या सवयींची वही कोणाकडे तरी राहणार, ही त्याची किंमत. पोस्टमनला सगळे ठाऊक असते तेव्हा तो पोस्टमन कोणाला काय सांगतो, हेही विचारावे लागते. मेनविथ हिलच्या फाटकाबाहेर निदर्शने करणाऱ्यांचा प्रश्न अनेक वर्षे हाच आहे, आणि तो रास्त आहे. पहारा हवा, पण पहारेकऱ्याला नियम हवेत, आणि अनोळखी दिसणारा प्रत्येक माणूस चोर नसतो एवढी समज हवी. समाजात हे जितके खरे, तितकेच जाळ्यात.

आपल्या मंडळातली बरीच मुले-मुली आज याच क्षेत्रात आहेत. कोणी बँकेत, कोणी एनएचएसमध्ये, कोणी रात्रपाळीला पडद्यासमोर बसून येणारे इशारे निवडत असते. त्यांना हा इतिहास माहीत असावा, म्हणून हा लेख. तुमच्या यंत्रापेक्षा तुमचे साहेब कोणाचे ऐकतात, यावर पुष्कळ अवलंबून आहे. पहिल्यांदा सांगणाऱ्या नोकरांना खानाने झापले, तरी दासी एकामागून एक येत राहिल्या. त्या गप्प बसल्या असत्या तर खान वाचला नसता. वरिष्ठांनी झापले तरी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जाऊन सांगायचे, हा या कामाचा अर्धा भाग आहे. आणि जे आज वरिष्ठ झाले आहेत त्यांनी उठून एकदा पाहून यायचे, हा दुसरा अर्धा.

माझ्या वयाच्या मंडळींसाठी एक व्यवहाराची गोष्ट. बँकेने एखादा व्यवहार अडवला तर रागवा, तक्रार करा, मीही केली. पण अडवण्यामागचा हेतू ओळखा. उलट, बँकेतून बोलतो आहे, तुमच्या खात्यात गडबड आहे, ताबडतोब पैसे हलवा, असा कोणी फोन केला तर तो बहुधा वाजंत्री घेऊन आलेला नवरदेव समजा. फोन ठेवा, पाच मिनिटे थांबा, आणि १५९ हा क्रमांक स्वतः फिरवा. या देशातल्या बहुतेक मोठ्या बँकांशी तो तुम्हाला थेट जोडून देतो. कार्डामागचा क्रमांकही चालेल. दिवाळीच्या दिवसांत सगळेच घाईत असतात, खरेदी चालू असते, पैसे इकडून तिकडे जात असतात. सणासुदीच्या गडबडीत कुदळीचा आवाज सहज झाकला जातो.